पॅरिसच्या 'जादूगारां'च्या यादीत डहाणूचे जिव्या सोमा म्हशे कसे पोहोचले?

तारीख १८ मे १९८९. फ्रेंच राज्यक्रांतीला २०० वर्षं झाली म्हणून पॅरिस शहर सजलं होतं. त्याच दिवशी तिथे एक कलाप्रदर्शन सुरू झालं. जगभरातून शंभराहून जास्त कलावंत निवडले होते. त्यात लुईझ बुर्ज्वा, आन्सेल्म कीफर, नाम जून पाइक अशी आधुनिक कलेतली बडी नावं होती. आणि त्याच यादीत, त्याच मापाच्या अक्षरात आणखी एक नाव होतं, जिव्या सोमा म्हशे. गाव डहाणू तालुक्यातलं गंजाड. समाज वारली.

प्रदर्शनाचं नाव होतं 'माजिसियाँ द ला तेर'. मराठीत सांगायचं तर 'पृथ्वीवरचे जादूगार'.

डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी, म्हणजे देव, आत्मे, पूर्वज, स्वप्नं आणि मंत्र, वेगवेगळ्या मुलखांतले लोक कशा दाखवतात, हे एका छताखाली आणायचा तो प्रयत्न होता. आज ३५ वर्षांहून जास्त काळ उलटला, तरी कलेच्या अभ्यासात या प्रदर्शनाचं नाव निघतं आणि नाव निघालं की वादही निघतो. हे प्रदर्शन काय होतं, वारली माणूस तिथवर कसा पोहोचला आणि वाद नेमका कशाचा आहे, ते समजून घेऊ.

हे प्रदर्शन भरवायची गरज का पडली?

त्यासाठी पाच वर्षं मागे, न्यूयॉर्कला जावं लागतं.

१९८४ मध्ये तिथल्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये एक मोठं प्रदर्शन झालं. विषय होता, विसाव्या शतकातली कला आणि 'आदिम' कला यांच्यातलं साम्य. पिकासोसारख्यांच्या चित्रांशेजारी आफ्रिका आणि पॅसिफिक बेटांवरचे मुखवटे, मूर्ती मांडल्या होत्या. बघा, हे आणि ते किती सारखं दिसतं!

टीका झाली ती एका साध्या मुद्द्यावर. पिकासोच्या चित्राखाली पिकासोचं नाव, साल, सगळं होतं. मुखवट्याखाली तो बनवणाऱ्याचं नाव नव्हतं. तो कोणत्या विधीत वापरत, तो घातल्यावर माणसाच्या अंगात काय संचारतं असं मानत, यालाही फारशी जागा नव्हती. थॉमस मॅकएव्हिली या समीक्षकाने त्यावर लिहिलेला लेख खूप गाजला.

फ्रान्सचे जाँ-ह्युबेर मार्तां तेव्हा वेगळ्या प्रदर्शनाच्या तयारीत होते. पुढे ते पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटरमधल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे संचालक झाले. त्यांनी आपल्या प्रदर्शनासाठी काही गोष्टी ठरवल्या. कलावंत साधारण निम्मे युरोप-अमेरिकेतले आणि निम्मे बाकीच्या जगातले असतील. सगळे आज काम करणारे असतील. आणि प्रत्येकाचं नाव लागेल, मग तो न्यूयॉर्कचा असो की एखाद्या पाड्यावरचा.

शीर्षकात 'कलावंत' हा शब्द मुद्दाम टाळला. कारण यातल्या कित्येकांसाठी 'कला' असा वेगळा कप्पाच नव्हता. कुणी देवासाठी करत होतं, कुणी मयतासाठी, कुणी लग्नासाठी. म्हणून शब्द निवडला 'जादूगार'. पुढे सगळ्यात जास्त बोचला तो हाच शब्द.

प्रदर्शनात काय काय होतं?

प्रदर्शन दोन ठिकाणी विभागलेलं होतं, पॉम्पिदू सेंटर आणि ला व्हिलेतचं भव्य दालन. हे दालन पूर्वी गुरांच्या बाजाराचं होतं.

ला व्हिलेतमध्ये ऑस्ट्रेलियातल्या युएंडुमू या वस्तीवरच्या आदिवासींनी जमिनीवर मातीचं मोठं चित्र काढलं होतं. त्यांच्या पूर्वजांच्या प्रवासाच्या कथा त्यात होत्या. त्याच्या मागच्या भिंतीवर इंग्लंडच्या रिचर्ड लाँग यांनी हाताने चिखल थापून एक प्रचंड वर्तुळ केलं होतं. या दोन कामांचा एकत्र फोटो ही प्रदर्शनाची ओळखच बनून गेली.

दक्षिण आफ्रिकेच्या एस्थर म्हलांगू यांनी आपल्या एन्डेबेले पद्धतीने रंगवलेलं घर होतं. घानाच्या केन क्वेई यांच्या शवपेट्या होत्या. गेलेला माणूस आयुष्यभर जे करत होता किंवा ज्याची त्याला हौस होती, त्या आकाराची पेटी ते बनवत. नेपाळमधून आलेल्या बौद्ध भिक्षूंचं मंडल होतं.

आणि भारत? भारतातून पाच नावं होती.

- जिव्या सोमा म्हशे, महाराष्ट्रातले वारली चित्रकार
- बौआ देवी, बिहारच्या जितवारपूरच्या मधुबनी चित्रकार
- जनगढसिंह श्याम, मध्य प्रदेशातले परधान गोंड चित्रकार
- आचार्य व्याकुल, जयपूर
- राजाबाबू शर्मा, जयपूर

ही यादी लक्षात ठेवा. वादाची सुरुवात इथूनच होते.

वारली चित्रात 'न दिसणारं' काय असतं?

आज वारली चित्र म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते कुर्त्यावरचं किंवा चहाच्या कपावरचं. दोन त्रिकोण जोडले की माणूस, वर गोल डोकं, मध्ये तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची फिरकी. पण हे सगळं ज्यातून आलं ते मूळ चित्र म्हणजे लग्नाचा चौक.

वारल्यांच्या घरात लग्न असलं की कुडाची भिंत शेणाने सारवून गेरूने रंगवतात. तांदूळ वाटून त्याचं पांढरं पाणी करतात. बांबूच्या काडीचं टोक ठेचून किंवा चावून मऊ केलं की झाली कूची. आणि मग घरातल्या, पाड्यातल्या सवाशिणी चौक लिहायला बसतात. 'काढायला' नाही, 'लिहायला'. वारली बोलीत चित्र लिहितात.

चौकोनाच्या कडेने नक्षीच्या पट्ट्या येतात. आत मधोमध पालघट देवी असते. तिच्याभोवती झाडं, वाजंत्री, घोड्यावरचे नवरा-नवरी. शेजारी लहानसा देवचौक असतो, त्यात पंचशिऱ्या देव, पाच डोक्यांचा. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणत असते. भगताच्या अंगात येतं आणि त्याच्या तोंडून देवांना बोलावणं जातं.

पालघट ही सृजनाची देवी. तिच्या नावातला घट म्हणजे भरलेलं भांडं. ती चौकात येऊन बसल्याशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे हा चौक देवीच्या येण्यासाठी मांडलेली जागा आहे. त्याला घराची सजावट म्हणणं म्हणजे देव्हाऱ्याला फर्निचर म्हणण्यासारखं आहे.

लग्न उरकलं की त्या चित्राचं काम संपतं. कुणी त्यावर काच लावत नाही. पीठ हळूहळू झडतं, धूर बसतो, पुढच्या कार्याला भिंत पुन्हा सारवली जाते.

वारल्यांचे बाकीचे देवही असेच हाताशी असलेले. कणसरी धान्यात आहे, नारनदेव पावसात आहे, वाघदेव रानात आहे, हिरवा घरात आहे. आपण ज्याला 'गूढ' म्हणतो ते त्यांच्यासाठी रोजच्या व्यवहारातलं आहे. भात पिकलं तर कणसरी आली, इतका तो सरळ हिशोब.

भिंतीवरचं चित्र कागदावर कुणी आणलं?

इथे एका मराठी माणसाची गोष्ट येते, जी महाराष्ट्रातही फारशी सांगितली जात नाही. भास्कर कुलकर्णी.

१९६६-६७ मध्ये बिहारमध्ये भीषण दुष्काळ पडला. हस्तकलेच्या क्षेत्रातलं मोठं नाव असलेल्या पुपुल जयकर यांनी मिथिला भागातल्या बायकांना काही कमाई व्हावी म्हणून भास्कर कुलकर्णींना तिकडे पाठवलं. भिंतीवर कोहबर, म्हणजे लग्नघराची चित्रं काढणाऱ्या बायकांच्या हातात त्यांनी कागद दिला. त्या पहिल्या गटात जितवारपूरच्या बौआ देवी होत्या.

पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हेच कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर पोहोचले. इथेही त्यांनी कागद आणला. बायकांसाठी चौक हा विधी होता. लग्न नसताना, देवी येणार नसताना कागदावर काय लिहायचं? हात मोकळे होईनात.

ज्याने तो कागद भरभर भरून टाकला तो बाई नव्हता. तो होता जिव्या.

जिव्यांचा जन्म १९३४ चा. लहान असताना आई गेली आणि त्या धक्क्याने मुलाने बोलणंच सोडलं, असं त्यांच्याबद्दल सांगतात. जे सांगायचं ते तो धुळीत बोटाने रेघोट्या ओढून सांगायचा. वारली समाजात चौक लिहिणं बायकांचं काम. हा पुरुष मात्र लग्नकार्य नसतानाही चित्र काढत राहिला.

कागदावर आल्यावर चौकाची चौकट सुटली. जिव्यांच्या चित्रांत मासेमारीचं जाळं अख्खा कागद व्यापून पसरतं, मुंग्यांचं वारूळ गजबजतं, भाताची खळी, झाडं, पाखरं, नाच यांनी कागद हलायला लागतो. देवी मध्ये बसलेली नसली तरी तिने ज्यात जीव ओतला असं मानतात, ते सगळं तिथे असतं.

१९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन झालं. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. यशोधरा दालमिया यांचं वारल्यांच्या चित्रविश्वावरचं पुस्तक १९८८ मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी पॅरिस.

म्हणजे त्या पाच भारतीय नावांपैकी दोघांच्या हातात पहिला कागद ठेवणारा माणूस एकच होता. स्वतः भास्कर कुलकर्णींना मात्र हा दिवस दिसला नाही. ते १९८३ मध्येच गेले.

जनगढ, परधान आणि यवतमाळ

पाचातलं तिसरं नाव विदर्भाच्या वाचकांसाठी जवळचं आहे.

जनगढसिंह श्याम मध्य प्रदेशातल्या पाटणगडचे. तेव्हा हे गाव मंडला जिल्ह्यात होतं, आता दिंडोरीत आहे. ते परधान समाजाचे. परधान म्हणजे गोंडांचे परंपरेने चालत आलेले गायक आणि वंशकथा सांगणारे. बाना हे तंतुवाद्य वाजवून ते बडा देवाला जागवतात आणि यजमान घराण्याची कथा गातात.

१९८० च्या सुमारास भोपाळमध्ये भारत भवन उभं राहत होतं. तिथल्या संग्रहालयासाठी चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी तरुणांच्या तुकड्या गावोगाव पाठवल्या. त्यांना पाटणगडमध्ये भिंतीवर चित्रं काढणारा एक पोरगा सापडला. तो जनगढ.

बडा देवाचं वास्तव्य साजाच्या झाडात मानतात, त्याची मूर्ती नसते. गाण्यात असलेले, पण कुणी डोळ्यांनी पाहिलेले नसलेले असे देव जनगढने ठिपक्यांनी आणि बारीक रेघांनी भरलेल्या आकारांत उतरवले. या शैलीला पुढे 'जनगढ कलम' असं नाव पडलं. आज 'गोंड चित्रकला' म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक तिथूनच निघालेलं आहे.

आता आपल्याकडे या. यवतमाळ जिल्ह्यात वणी, मारेगाव, झरी जामणी, केळापूर या पट्ट्यात गोंड, परधान आणि कोलाम समाजाची वस्ती आहे. वणी तालुक्यातल्या राजूरला लोक 'राजूर कॉलरी' म्हणून ओळखतात, कोळशाच्या खाणीमुळे. हा कोळसा ज्या थरांत सापडतो त्यांना भूगर्भशास्त्रात 'गोंडवाना' खडक म्हणतात. हे नाव गोंडांच्या मुलखावरून आलंय. जमिनीखालच्या खडकांना गोंडांचं नाव जगभर मिळालं, पण वर राहणाऱ्या गोंड-परधानांची गाणी कितीजणांना माहीत आहेत?

पैनगंगेपलीकडे आदिलाबाद भागातले परधान किकरी वाजवत गोंडांच्या पूर्वजांच्या कथा गातात. पाटणगडच्या गाण्यांची चित्रं झाली आणि ती पॅरिसला गेली. इकडची परंपरा मुख्यतः गळ्यातली आणि तारेवरची. ती भिंतीवर टांगता येत नाही. त्यामुळे 'न दिसणाऱ्या'च्या मोठ्यात मोठ्या प्रदर्शनातही काही गोष्टी दिसत नाहीतच.

मग वाद कशाचा?

वादाचे तीन मुद्दे आहेत.

पहिला मुद्दा, कुणाला निवडलं आणि कुणाला नाही. भारताची पाच नावं पुन्हा बघा. पाचही लोककला, आदिवासी कला किंवा तांत्रिक परंपरेशी जोडलेली. शहरात शिकलेला, आधुनिक म्हणवणारा एकही भारतीय चित्रकार नाही.

सय्यद हैदर रझांचा जन्म मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचा, म्हणजे जनगढ ज्या जिल्ह्यातले त्याच जिल्ह्यातला. चित्रकलेचं पहिलं शिक्षण नागपूरच्या कला विद्यालयात. लहानपणी शाळेतल्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे बघत राहायला लावलं, आणि तोच 'बिंदू' पुढे त्यांच्या चित्रांचा गाभा झाला. अदृश्याचा एवढा ध्यास घेतलेला हा माणूस १९५० पासून फ्रान्समध्ये होता. १९८९ मध्येही पॅरिसलाच राहत होता. पण यादीत नव्हता.

नागपूरला जन्मलेले वासुदेव गायतोंडे तेव्हा दिल्लीत निःशब्द, ध्यानासारखी चित्रं करत होते. बनारसमध्ये तंत्रकलेचा परिणाम घेऊन आलेले प्रभाकर बरवे मुंबईत काम करत होते. तेही नव्हते.

टीकाकारांचं म्हणणं असं की, युरोपचा चित्रकार आधुनिक असला तरी 'जादूगार' म्हणून चालत होता. भारताचा किंवा आफ्रिकेचा माणूस मात्र 'जादूगार' वाटायला गावातला, विधी करणारा आणि परंपरेतलाच लागत होता.

कराचीत जन्मलेले आणि लंडनमध्ये राहणारे कलावंत रशीद अराईन स्वतः या प्रदर्शनात होते. तरीही त्यांनी आपल्या 'थर्ड टेक्स्ट' नियतकालिकात यावर कडक टीका केली. त्याच वर्षाच्या शेवटी त्यांनी लंडनच्या हेवर्ड गॅलरीत 'द अदर स्टोरी' हे प्रदर्शन भरवलं. त्यात ब्रिटनमध्ये राहून आधुनिक कला करणारे आशियाई, आफ्रिकी आणि कॅरिबियन वंशाचे कलावंत होते. आपल्या गोव्याचे फ्रान्सिस न्यूटन सूझाही त्यात होते.

दुसरा मुद्दा, संदर्भ. सवाशिणीने लिहिलेला चौक देवीसाठी असतो. तीच रेघ पॅरिसच्या पांढऱ्या भिंतीवर गेली की ती कुणासाठी? बघणाऱ्याला आकार दिसतो, पण धवलेरीचं गाणं ऐकू येत नाही. मार्तां यांच्या बाजूचे म्हणतात की संदर्भ थोडा सुटला तरी चालेल, 'मानववंशशास्त्राच्या कपाटा'तून या माणसांना बाहेर काढणं जास्त गरजेचं होतं. दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य आहे, म्हणून तर हा वाद मिटत नाही.

तिसरा मुद्दा, नाव कुणाचं लागलं. यावर सगळ्यात कमी बोललं जातं. न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मुखवटा बनवणाऱ्याचं नाव नव्हतं, म्हणून पॅरिसने प्रत्येकाचं नाव लावलं. पण वारली चित्रं पिढ्यान्‌पिढ्या लिहिल्या त्या सवाशिणींनी, चारचौघींनी मिळून, सही न करता. जगाला नाव कळलं ते एका पुरुषाचं. यात जिव्यांचा दोष नाही, त्यांची प्रतिभा निर्विवाद होती. पण प्रदर्शनाला एक नाव, एक सही लागते. सगळ्यांनी मिळून केलेल्या कामाला तिथे खुर्ची नसते.

पुढे काय झालं?

मार्तां पुढे जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या म्युझियम कुन्स्ट पलास्टचे प्रमुख झाले. २००३ मध्ये तिथे एक प्रदर्शन झालं, नाव 'डायलॉग'. त्यात दोनच कलावंत होते. पॅरिसमध्ये चिखलाचं वर्तुळ करणारे रिचर्ड लाँग आणि जिव्या सोमा म्हशे. त्यासाठी लाँग वारल्यांच्या मुलखात येऊन राहिले आणि तिथल्या जमिनीवर त्यांनी काम केलं. १९८९ मध्ये शंभर जणांच्या गर्दीत असलेला वारली चित्रकार आता समोरासमोर, बरोबरीने बसला होता.

जिव्यांना २००२ मध्ये शिल्पगुरू, २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाऊस पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजी त्यांचं निधन झालं. सदाशिव आणि बाळू ही त्यांची मुलंही चित्रकार आहेत. बौआ देवींना २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली.

जनगढची गोष्ट मात्र अशी संपली नाही. २००१ मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयात काम करायला गेलेले असताना त्यांनी तिथेच आयुष्य संपवलं. वय चाळिशीच्या आतलं. परक्या मुलखात एकट्याने चित्रं काढायला बसवलेल्या कलावंताची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न तेव्हा देशभरातल्या कलावंतांनी विचारला होता.

२०१४ मध्ये पॉम्पिदू सेंटरने त्या जुन्या प्रदर्शनाची २५ वर्षं साजरी केली. योगायोग म्हणजे त्याच वर्षी वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग मिळाला. वारली नावाचा वापर कुणीही कसाही करू नये, यासाठी समाजाच्या हातात आलेलं हे कायद्याचं हत्यार. तरी यंत्रावर छापलेली 'वारली' चादर बाजारात अजूनही मिळतेच, आणि त्यातला पैसा पाड्यापर्यंत जातो का, हे विकणाऱ्याला कुणी विचारत नाही.

पुढच्या वेळी रेल्वे स्टेशनच्या भिंतीवर किंवा एखाद्या पिशवीवर ती पांढरी फिरकी दिसली, तर दोन गोष्टी विचारून बघता येतील. हे कुणाच्या हातचं आहे? आणि त्या फिरकीत पालघट कुठे आहे? पहिल्याचं उत्तर विकणाऱ्याला माहीत असायला हवं. दुसऱ्यासाठी मात्र डहाणूकडच्या एखाद्या लग्नघरी जावं लागेल, जिथे अजूनही लग्नाआधी सवाशिणी भिंतीसमोर बसतात.